पंक व्हिडिओचं विश्लेषण करायचंय: 'लंडन कॉलिंग' घ्यावा की 'बास्केट केस'?

माध्यम अभ्यासात पंक (बंडखोर, मुद्दाम ओबडधोबड रॉक) म्युझिक व्हिडिओच्या दृश्यशैलीवर लिहायची वेळ आली की बहुतेक जण आवडतं गाणं उचलतात आणि दुसऱ्या पानावर अडकतात. कॅमेरा हलतोय, कपडे फाटलेत, गायक चिडलाय. एवढं लिहून झालं की पुढे काय? म्हणून गाणं आवडतं की नाही हे बाजूला ठेवून, त्या व्हिडिओत पकडायला काय सापडतं ते आधी पाहावं. माझ्या मते खरी निवड दोघांतच आहे: द क्लॅश या ब्रिटिश बँडचा 'लंडन कॉलिंग' (1979) आणि ग्रीन डे या अमेरिकन बँडचा 'बास्केट केस' (1994). तिसरा एक उमेदवार नेहमी पुढे येतो, त्याच्याकडे शेवटी वळू.

'लंडन कॉलिंग'मध्ये कथा नाही. रात्र, थेम्स नदी, नदीतला धक्का, कोसळता पाऊस आणि वाजवणारे चौघे. दिग्दर्शक डॉन लेट्स हा लंडनच्या रॉक्सी या पंक क्लबचा डीजे. तिथल्या पंक बँड्सना सुपर-८ या छोट्या फिल्म कॅमेऱ्यावर टिपता टिपता तो चित्रपटाकडे वळला. या चित्रीकरणाची फजिती त्यानेच पुढे मुलाखतींत सांगितली आहे. थेम्सला भरती-ओहोटी असते हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. कॅमेरे बोटीत ठेवले, तर ओहोटीमुळे ते बँडच्या कितीतरी खाली गेले. बोट प्रवाहाबरोबर सरकत राहिली आणि वर पाऊस सुरू झाला.

विश्लेषण करणाऱ्याची इथे कसोटी लागते. 'खालून घेतलेल्या कोनामुळे दिग्दर्शकाने बँडला सामर्थ्यवान दाखवलं आहे' असं ठोकून देणं सोपं आहे, पण तो कोन मुळात ओहोटीने दिलेला. मग तो अर्थहीन ठरतो का? नाही. प्रेक्षकाला दिसतो तो कोनच, त्यामागची गफलत नाही. शिवाय अडचण झाकायची नाही, आहे ते तसंच पडद्यावर जाऊ द्यायचं, ही पंकची वृत्तीच आहे. फक्त हेतू आणि परिणाम वेगळे ठेवून लिहावं लागतं आणि ते प्रत्येकाला जमतंच असं नाही.

वेशभूषेकडेही नीट बघा. सेफ्टी पिना, फाटके टी-शर्ट, रंगवलेले उभे केस यातलं काही नाही. गडद कोट आहेत, जुन्या धाटणीच्या हॅट आहेत. 1977 चा पंक पोशाख तोवर दुकानात टांगला जाऊ लागला होता आणि क्लॅश त्यातून बाहेर पडले होते. 'पंकचे संकेत' म्हणून ठरलेली यादी घेऊन बसलात तर हा व्हिडिओ त्यातल्या निम्म्या रकान्यांत रिकामा दिसेल. रिकामे का, हे लिहिता आलं तर उत्तर झकास होतं. नाही तर फसगत ठरलेली.

संगीत व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन यांनी शब्द आणि दृश्य यांच्या नात्याचे तीन प्रकार सांगितले: शब्दांत आहे तेच दाखवणं, त्यात भर घालणं, किंवा शब्दांपासून फारकत घेणं. या गाण्यात हिमयुग येतंय, अणुभट्टीत घोळ झालाय (त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला होता), शहर बुडतंय. पडद्यावर यातलं काहीच नाही, फक्त काळं पाणी आणि प्रखर दिव्यांत चमकणाऱ्या पावसाच्या रेघा. हा भर घालण्याचा प्रकार. नदीकाठी राहणाऱ्या गायकाची धास्ती त्या पाण्यामुळे खरी वाटायला लागते.

'बास्केट केस'चं सगळंच उलटं. दिग्दर्शक मार्क कोर, जागा कॅलिफोर्नियातली एक जुनी मानसोपचार संस्था. गाणं गायक बिली जो आर्मस्ट्राँगच्या स्वतःच्या पॅनिक विकारावरचं. आपण वेडे होतोय की काय, ही भीती शब्दांत आहे आणि पडद्यावर थेट तशीच जागा आहे, म्हणजे गुडविन यांचा पहिला प्रकार. ओळीसमोर दृश्य ठेवून लिहीत जाता येतं.

पण याचा खरा ऐवज रंगांत आहे. व्हिडिओ कृष्णधवल चित्रित केला आणि रंग नंतर भरले. त्यामुळे ते भडक, थोडे खोटे, वस्तूंच्या अंगावर न मुरलेले दिसतात. एखादी चौकट थांबवा आणि चेहरा व त्यामागची भिंत एकत्र पाहा. दोन्ही एकाच उजेडात उभे आहेत असं वाटतच नाही. गाण्यातला माणूस 'मला दिसतंय ते खरं आहे ना?' असं विचारतोय आणि तोच प्रश्न रंग तुम्हालाही विचारायला लावतात. हा योगायोग नव्हे, घेतलेला निर्णय आहे, म्हणून त्यावर ठामपणे लिहिता येतं. विस्फारलेल्या डोळ्यांनी कॅमेऱ्यात रोखून पाहणारा गायक, आणि 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' या 1975 च्या चित्रपटाची उघड छाया, हे मुद्दे तर आयतेच.

कमकुवत बाजू दोन. मानसिक आजाराचा नेपथ्य म्हणून वापर आज खटकतो. तुमच्या लेखनात तो प्रश्न यायलाच हवा, नाही तर परीक्षक विचारणारच. दुसरं, हे पंक आहे का, हा जुना वाद. ग्रीन डेने मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला तेव्हा, अशा कंपन्यांशी फटकून राहणाऱ्या, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या पंक क्लबने त्यांना दरवाजे बंद केले होते. मात्र विश्लेषणाला हा वाद पथ्यावर पडतो. ओबडधोबडपणा ठरवून, पैसे खर्चून उभा केला की त्याचं काय होतं, हे दाखवायला यापेक्षा सोयीचा नमुना नाही.

तिसरा उमेदवार म्हणजे ब्लिंक-182 या अमेरिकन बँडचा 'ऑल द स्मॉल थिंग्ज'. बॉय बँड आणि पॉप तारकांच्या व्हिडिओंची टर उडवणारा, एमटीव्हीचा 2000 सालचा सर्वोत्तम ग्रुप व्हिडिओ. मजा येते, पण एकदा 'हे विडंबन आहे' म्हटलं की त्यातलं बरंचसं सांगून संपतं. शिवाय पडद्यावर दिसतात ते संकेत पॉपचे, पंकचे नव्हेत. विषय आंतरसंहितता (एका कलाकृतीत दुसऱ्या कलाकृतींचे संदर्भ) असेल तरच याच्या वाटेला जा.

प्रश्नात 'शैली आणि संकेत' हे शब्द असतील तर मी 'बास्केट केस' घेईन. रंग, नेपथ्य, नजर, संकलन, प्रत्येकाला पुरावा आहे आणि हेतूबद्दल अंदाज बांधावे लागत नाहीत. प्रश्न 'संदर्भ' किंवा 'काळ' विचारत असेल, किंवा तुम्हाला 1979 च्या ब्रिटनबद्दल आधीच वाचन असेल, तर 'लंडन कॉलिंग'. दोन्हींची तुलना करायचा मोह मलाही होतो, पण हजार-बाराशे शब्दांत दोन्ही कोंबलेत तर चौकट थांबवून पाहायला जागा उरणार नाही. एकच घ्या, दुसऱ्याला एक परिच्छेद द्या.