डोळ्यावर पट्टी बांधून खेळायचे खेळ: मंडळासाठी कुठला घ्यायचा?

गणपती जवळ आले की सांगलीत गल्लोगल्ली हाच विषय, यंदा पोरांसाठी काय ठेवायचं. पट्टीचा एक खेळ हवाच यावर सगळे एका मिनिटात हो म्हणतात, कुठला यावर मात्र दोन चहा होतात तरी ठरत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, अपार्टमेंटचं पार्किंग मोकळं मिळत असेल आणि पोरं दहा वर्षांच्या पुढची असतील तर गोलबॉल घ्या (वाजणाऱ्या चेंडूचा खेळ, खाली सांगतो), नसेल तर आपली मटकी फोड. आंधळी कोशिंबीर तिसरी, शिव्या घाला हवं तर.

मटकी फोडला खर्च काय, तर मडकं, काठी आणि एक उपरणं. बघणाऱ्यांना सगळ्यात जास्त मजा इथंच येते, पोरगं तीन गिरक्या घेऊन निघतं ते थेट मंडपाच्या बांबूकडं आणि मागनं सगळी गल्ली "डावीकडं, अरे डावीकडं" म्हणून ओरडते, त्यातले निम्मे मुद्दाम चुकीचं सांगतात. पण एका वेळी एकच जण खेळतो हो, बाकीचे रांगेत. पोरं जास्त असली की शेवटच्याचा नंबर यायच्या आधी आरतीची वेळ होते. काठी फिरते म्हणून बघणाऱ्यांना अडवायची दोरी लांबवर बांधा आणि खापऱ्या लगेच झाडून घ्या, निम्मी पोरं अनवाणी असतात.

आंधळी कोशिंबिरीत उलट आहे, सगळे एकदम खेळतात, पैसा लागत नाही. घरात सहा-सात पोरं जमली तर याच्यासारखा खेळ नाही. मंडळात मात्र नको वाटतो. भाद्रपदात मैदानात चिखल, मंडपाच्या ताणलेल्या दोऱ्या, कडेला गटार, आणि एखाद्या बारक्यावर राज्य आलं की मोठी पोरं त्याला टपल्या मारून पळतात, ते काय सुटत नाही आणि मग रडारड.

आता गोलबॉल. दुसऱ्या महायुद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये युरोपात निघालेला खेळ, १९७६ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. तीन विरुद्ध तीन, सगळ्यांच्या डोळ्यावर पट्टी, चेंडूत घुंगरू. चेंडू घरंगळत टाकायचा आणि समोरच्यांनी आवाजावरून अंदाज घेत आडवं पडून अंगानं अडवायचा. खरं कोर्ट १८ बाय ९ मीटरचं आणि चेंडू सव्वा किलोचा असतो, तेवढं आपल्याला कशाला पाहिजे. साधा फुटबॉल प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगेत गच्च बांधा, फरशीवर असा खसखस वाजतो की लांबून कळतं कुठनं येतोय (पोरांना सव्वा किलोचा देऊ पण नका). रेषांसाठी सुतळी अंथरून वरनं चिकटपट्टी मारा, खऱ्या कोर्टवर पण टेपखाली दोरीच असते, म्हणजे हातानं चाचपून कळतं आपण कुठं उभं आहोत. पडायला जुन्या सतरंज्या टाका, नाहीतर कोपरं सोलटतात. मला हा खेळ आवडायचं खरं कारण वेगळंय, कॉलनीत एखाद्या मुलाला दिसत नसेल किंवा कमी दिसत असेल तर ते इथं बाकीच्यांच्या बरोबरीनं खेळतं, उलट भारीच पडतं, मटकी फोडला त्याला नुसतं कडेला बसवून ठेवतात.

अडचण एकच आणि ती मोठी आहे, शांतता. चेंडू चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसायचं असा नियमच आहे. म्हणजे स्पीकर बंद. हे तुमच्या मंडळाला जमणार आहे का ते आधी विचारा, नसेल जमत तर गोलबॉलचं नाव काढू नका.

पट्टीचं पण बघा. रुमाल कसाही बांधला तरी नाकाच्या कडेनं खाली दिसतं, पोरं मान वर करून चालायला लागली की समजायचं बघतंय. आधी डोळ्यांवर कापसाची घडी, मग पट्टी. गोलबॉलमध्ये तर चालू खेळात पट्टीला हात लावला की पेनल्टी.

महिलांच्या कार्यक्रमाला चित्रावर टिकली लावायचा खेळ बरा, दहा मिनिटांत होतो, कुणी पडत नाही.

आणि बुद्धिबळवाल्यांसाठी एक. भाग्यश्री ठिपसे, स्वाती घाटे या नावाजलेल्या बुद्धिबळपटू सांगलीच्याच, त्यामुळं इथं पट मांडून बसणारी पोरं बरीच सापडतात. पट न बघता खेळायचं, चाली तोंडी सांगायच्या. तैमूर गरेयेव या ग्रँडमास्टरनं २०१६ मध्ये लास वेगासला असे एकदम ४८ डाव खेळले, आपल्याकडं एक डाव पुरे. फक्त शेजारी मोठा पट लावून कुणीतरी चाली मांडत राहिलं पाहिजे, नाहीतर बघणाऱ्यांना वाटतं दोघं डोळे बांधून नुसते आकडे बोलतायत, आणि अर्ध्या तासात खुर्च्या रिकाम्या. बक्षीस कुठल्याही खेळाला भडंगाचा पुडा चालतो.