दोन वर्षांचं फुटबॉल: कॅन्सस की कॅलिफोर्निया?

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळच्या एका ओळखीच्या मुलाला अमेरिकन फुटबॉल खेळायचंय, पण मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं नाही. घरचं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) की कॅन्ससची जेहॉक कॉन्फरन्स, म्हणजे तिथल्या अशाच कॉलेजांची लीग, यात तो अडकलाय.

खर्चात कॅलिफोर्निया पुढे. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला (अभ्यासक्रमाच्या एका क्रेडिटला) ४६ डॉलर फी, शिवाय घरचं जेवण. खेळासाठी शिष्यवृत्ती मात्र तिथे नाहीच. कॅन्ससमध्ये ती मिळू शकते. पण पदरात नक्की किती पडणार, हे लेखी घ्यावं.

इतिहासात जेहॉक भारी. एल डोराडो गावच्या बटलर कॉलेजने १९८१ ते २००८ दरम्यान सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. २०१६ मध्ये गार्डन सिटीचं कॉलेज जिंकलं. त्याच साली परराज्यातल्या खेळाडूंवरची मर्यादा उठली, त्यामुळे संघातली जागाही आता सहज मिळत नाही. गावं लहान, अंतरं लांब: गार्डन सिटी ते कॉफीव्हिल साडेचारशे किलोमीटरहून जास्त!

कॅलिफोर्नियाची कॉलेजं त्या राष्ट्रीय स्पर्धेत नसतात, म्हणून तिथला खेळ हलका समजू नये. पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गाजलेला क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्याच ब्यूट कॉलेजात खेळला आणि तिथूनच बर्कलीच्या विद्यापीठात गेला.

शिष्यवृत्ती हातात असेल आणि घरापासून लांब राहायची तयारी असेल, तर कॅन्सस. पदवीही तितकीच महत्त्वाची वाटत असेल, तर घरचंच कॉलेज. या मुलाला मी घरचंच कॉलेज सुचवलं.