जनरेटरच्या हेडमधले प्लगचे आटे गेले, हेलिकॉईल टाकली, सात महिन्यांनंतरचा अनुभव

हेड म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरचं झाकण, त्यात स्पार्क प्लग बसतो; हेलिकॉईल म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची स्टीलच्या तारेची स्प्रिंग, तीच नवीन आटे बनते. एप्रिलमध्ये टाकली होती, आता नोव्हेंबर अर्धा संपला, मधात जनरेटर जवळपास दोनशे तास चालला, म्हणून आता लिहितोय. आधी लिहिण्यात अर्थ नव्हता, काहून की हे काम पहिल्या दिवशी सगळ्यांचंच मस्त दिसते, खरं काय ते दोन-तीनदा प्लग खोलल्यावरच कळते.

माझं नागपुरात मानेवाड्याला लाईट-डेकोरेशनचं छोटं काम आहे. जनरेटरवर १६३ सीसीचं फोरस्ट्रोक पेट्रोल इंजिन, प्लग १४ एमएमचा, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.२५, आट्यांची लांबी १९ एमएम. ऐन लग्नसराईत, दुपारचं पंचेचाळीसचं ऊन, इंजिन मिसिंग करायला लागलं म्हणून कामावरच्या पोराने गरम इंजिनवरच प्लग खोलला, साफ केला आणि परत लावला. शेवटी पान्याने जोर दिला तर पाना नुसता फिरतच राहिला. प्लग बाहेर काढला तर त्याच्या आट्यांत अॅल्युमिनियमची चकचकीत बारीक तार गुंडाळलेली, जशी बॉलपेनमधली स्प्रिंग असते तशी. ती तार म्हणजे माझ्या हेडचे आटे. आमच्याकडचे मिस्त्री त्याला चुडी म्हणतात, तर पूर्ण चुडीच प्लगसोबत बाहेर आली होती.

दोष पोराचा एकट्याचा नव्हता हे नंतर समजलं. त्याआधी सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी आखूड प्लग बसवला होता, १९ च्या जागी १२.७ एमएम लांबीचा. पाना दोन्हीला तोच लागतो, वरून काहीच फरक दिसत नाही, इंजिन चालू पण होते. पण हेडचे खालचे पाचेक आटे उघडे राहतात आणि त्यात कार्बन जमत जातो. मग पुढे कधीतरी बरोबर लांबीचा प्लग लावला की तो त्या कार्बनमध्ये अडकतो, आपल्याला वाटते अजून टाईट व्हायचा आहे, आपण जोर देतो आणि अॅल्युमिनियम फाटते. त्यात इंजिन गरम, आणि गरम अॅल्युमिनियम अजून नरम असते. म्हणून प्लग घेताना कोड वाचा, एनजीके कंपनीच्या बीपीआर६ईएस मधला आकड्यानंतरचा 'ई' म्हणजे १९ एमएम, 'एच' असेल तर १२.७, एका अक्षराचा फरक आहे पण त्यात हेड जाते.

नवीन हेडचा भाव ऐकून मी हेलिकॉईलचं किट मागवलं, सतराशेला पडलं. त्यात पायरीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) येतो, खालचा भाग जुन्या आट्यांच्या मापाचा, वरचा मोठ्या मापाचा, म्हणजे उरलेल्या जुन्या आट्यांत शिरून तो स्वतःच सरळ दिशा धरतो. सोबत स्टीलच्या स्प्रिंगी आणि त्या फिरवून बसवायचा दांडा. टॅप चांगला आहे, धार सात महिन्यांत गेली नाही. बाकी स्प्रिंगी बहुतेक आखूड मापाच्या दिल्यात, १९ च्या दोनच निघाल्या, आणि कागदावर कामाची एकही सूचना नाही, हे मला अजिबात पटलं नाही, नवीन माणूस यात नक्की फसणार.

मी हेड न काढता वरूनच टॅप मारणार होतो, ग्रीस लावून मारला की चुरा टॅपलाच चिकटते असं ऐकलं होतं. इतवारीतल्या एका लेथवाल्या काकाजींना फक्त विचारायला गेलो तर ते म्हणाले, "हेड खोलून आन बे आधी. चुरा खाली गेला तर सिलिंडरचा बोर खरचटते, आन् स्प्रिंगचं टोक आत लोंबलं तर तुले दिसनार हाय का वरून?" आज मला वाटते तो सल्ला किटपेक्षा जास्त किमतीचा होता. चार बोल्टचं काम आहे, एक नवीन गॅस्केट लागते, बस. आणि टोकाचं त्यांनी सांगितलं ते अगदी खरं, तारेचं टोक पेट्रोल जळते त्या चेंबरमध्ये उघडं राहिलं तर ते तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटवते.

मग घरीच केलं. हेड लाकडावर पक्कं धरलं, टॅपवर रॉकेल सोडत अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून ब्रशने साफ. बाजूला गुण्या लावून दोन बाजूंनी बघत होतो की टॅप तिरपा तर जात नाही ना, पहिले तीन फेरे सरळ गेले की मग तो आपोआप सरळ जातो, म्हणून घाई करायची नाही तर तिथेच. स्प्रिंगच्या बाहेरून जास्त उष्णता सहन करणारं थ्रेडलॉक (आटे पक्के धरणारा गोंद) अगदी थोडंसं लावलं, वॉशर बसते त्या जागेच्या एक फेरा खाली स्प्रिंग सोडली आणि आतून बोट फिरवून बघितलं, काहीच टोचत नाही. रात्रभर सुकू दिलं. नवीन प्लग हाताने बसेपर्यंत फिरवला तेव्हा तो असा गुळगुळीत गेला की मला विश्वासच बसेना, मग पान्याने फक्त अर्धा फेरा. जुना प्लग परत लावत असाल तर पाव फेऱ्याच्या वर जाऊ नका, त्याचं वॉशर आधीच दबलेलं असते. प्लगच्या आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट) मी लावत नाही, त्याने घर्षण कमी होऊन नकळत जास्त टाईट होते.

त्यानंतर लग्नं झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला महालात एका नाश्त्याच्या स्टॉलवर लाईट दिले, गणपतीचे दहा दिवस रोज संध्याकाळी पाच-सहा तास, दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलला दोन रात्री. ५० हर्ट्झसाठी हे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालते, म्हणजे मिनिटाला १५०० स्फोट, सगळा धक्का त्या पंधरा आट्यांवर. प्लग तीनदा खोलला, तिन्ही वेळा थंड इंजिनवर, स्प्रिंग जागची हलली नाही. प्लगचा रंग फिकट तपकिरी, म्हणजे उष्णता पण हेडमध्ये नीट जाते आहे, माझी हीच सगळ्यात मोठी भीती होती.

पण सगळीकडे हेच टाका असं मी म्हणणार नाही. कळमेश्वरच्या मित्राच्या टूस्ट्रोक ग्रासकटरला याच किटमधली ९.५ एमएमची स्प्रिंग टाकली, थ्रेडलॉक लावलं नाही, तीन आठवड्यांत प्लगसोबत स्प्रिंग बाहेर आली. मला त्याचं फार वाईट वाटलं, त्याचं संत्र्याच्या बागेतलं काम अडलं होतं. तिथे मुळात सातच आटे, पकड किती मिळणार? काकाजींनी मग त्यात स्टीलचं भरीव बुश (आतून आटे पाडलेली जाड नळी) बसवून दिलं, ते आजपर्यंत ठीक आहे. त्यामुळे आखूड आटे असतील किंवा भोक आधीच कोणी बिघडवून मोठं केलं असेल तर सरळ बुशच करा, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

गेल्या रविवारी परत तपासलं. इंजिन चालू ठेवून प्लगच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, एक बुडबुडा नाही, तेलकट काळा डाग पण नाही. अॅल्युमिनियमची तार गुंडाळलेला तो जुना प्लग मी टूलबॉक्सच्या झाकणाला आतून बांधून ठेवलाय, कामावर नवीन पोरगा आला की पाना हातात द्यायच्या आधी त्याला तो नीट बघायला देतो.