नॉर्वेच्या किनाऱ्याची सफर: आधी उजेड बघा, मग महिना ठरवा

दक्षिणेकडचं बर्गेन ते उत्तर टोकाजवळचं किर्केनेस आणि परत बर्गेन. ३४ बंदरं, १२ दिवस आणि बर्गेनहून रोज सुटणारं एक जहाज. रिचर्ड विथ यांनी १८९३ साली सुरू केलेली ही किनारी सेवा आज हुर्टिग्रुटेन आणि हाविला या दोन कंपन्या चालवतात: पहिलीची सात जहाजं, दुसरीची चार. सेवा म्हणून ती पहिल्या दर्जाची आहे. पण महिना चुकला तर निम्मा किनारा अंधारात निघून जातो, आणि पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात. जहाज तेच, केबिन तीच, वेळापत्रकही जवळजवळ तेच. ऋतूप्रमाणे बदलतो तो उजेड. म्हणून तापमानाचे आकडे बघत बसण्याआधी वेळापत्रक आणि सूर्यास्ताची वेळ शेजारी शेजारी ठेवा.

हे जहाज पर्यटकांसाठी थांबत नाही. ते मुळात माल आणि स्थानिक प्रवासी वाहतं, त्यामुळे कुठल्या बंदरात किती वाजता पोचायचं हे ठरलेलं असतं. उत्तरेला जाताना रात्री लागलेली बरीचशी बंदरं दक्षिणेला येताना दिवसा लागतात. हिवाळ्यात याचा अर्थ काय होतो ते ट्रॉम्सोवरून बघा. उत्तरेला जाताना जहाज तिथे दुपारी दोनच्या पुढे पोचतं आणि येताना मध्यरात्रीच्या सुमारास. डिसेंबरात ट्रॉम्सोला सूर्य उगवतच नाही, दुपारच्या आसपास काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि दोनला तोही विझत आलेला असतो. म्हणजे डिसेंबरच्या पूर्ण सफरीत ट्रॉम्सो उजेडात एकदाही दिसत नाही. लोफोटेन बेटांजवळची राफ्टसुंडेट ही अरुंद सामुद्रधुनी या मार्गावरचा सगळ्यात देखणा पट्टा. परतीच्या वाटेवर तो साधारण चार ते सहाच्या दरम्यान येतो. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे मिट्ट काळोख असतो, तर मार्चच्या मध्यावर बर्फाच्या कड्यांवर संध्याकाळचं तिरपं ऊन असतं. तिकीट मात्र दोन्ही वेळी ‘लोफोटेनसह’ म्हणूनच विकलं जातं.

म्हणून एकदाच जायचं असेल तर आमची पसंती स्पष्ट आहे: मार्चचा दुसरा आणि तिसरा आठवडा. विषुवदिनाच्या आसपास दिवस बारा तासांचा असतो, त्यामुळे वेळापत्रकातली दिवसाची सगळी ठिकाणं खरोखर दिवसा दिसतात. रात्रही तेवढीच काळी असते, म्हणजे नॉर्दर्न लाइट्ससाठी, उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशपट्ट्यांसाठी, पुरेशी. विषुवदिनांच्या काळात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याकडून येणाऱ्या प्रवाहाशी जास्त अनुकूल कोनात असतं, म्हणून मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे प्रकाश सरासरीने जास्त दिसतात. एप्रिलच्या मध्यानंतर उत्तरेकडची रात्रच नीट काळी होत नाही, तेव्हा मार्च उलटू देऊ नका. याच दिवसांत लोफोटेनमध्ये कॉड माशाचा हंगाम ऐन भरात असतो. गावाबाहेर मासे वाळवण्यासाठी लाकडी बल्ल्यांच्या उंच मांडण्या उभ्या असतात. मुंडकी उडवलेले मासे शेपटीला सुतळी बांधून जोडीजोडीने आडव्या दांड्यांवर टांगलेले असतात, वारा आला की एकमेकांवर आपटून लाकडासारखे वाजतात, आणि वास बराच लांबपर्यंत येतो. उन्हाळ्यात गेलात तर या मांडण्या बहुधा रिकाम्या दिसतील.

मार्चची उणी बाजूही सांगितली पाहिजे. फ्योर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा. त्यातल्या गायरांगरफ्योर्डला जहाज फक्त उन्हाळ्यात, साधारण जून ते ऑगस्ट, आणि तेही उत्तरेला जातानाच वळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याऐवजी योरुंडफ्योर्ड असतो. बाकीच्या महिन्यांत दोन्ही नाहीत. जेमतेम शंभर मीटर तोंडाच्या ट्रोलफ्योर्डमध्येही हिमकडे आणि दरडी कोसळण्याच्या भीतीने हिवाळ्यात जहाज शिरत नाही. फ्योर्डसाठीच जायचं असेल तर मार्च तुमचा महिना नाही. ईस्टरचा आठवडाही टाळा. गुरुवारपासून सोमवारपर्यंत, शनिवार सोडला तर, बहुतेक दुकानं बंद असतात आणि उतरून करण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मध्यरात्रीच्या सूर्यासाठी, म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेला रात्रीही न मावळणाऱ्या सूर्यासाठी, जाणाऱ्यांची हमखास होणारी चूक म्हणजे जुलैचा दुसरा पंधरवडा निवडणं. भाडं चढलेलं, डेक भरलेले, डोंगरावरचं बर्फ बरंचसं वितळलेलं, आणि ट्रॉम्सोला तर २२ जुलैच्या सुमारास हा सूर्य संपतोच. त्यापेक्षा मेचा शेवटचा आठवडा ते १५ जून हा काळ कितीतरी चांगला. शिखरांवर बर्फ असतं, धबधबे भरून वाहतात, आणि एरवी पावसासाठी बदनाम असलेलं बर्गेन एप्रिल ते जून या दिवसांत त्यातल्या त्यात कोरडं असतं. गायरांगर हवा असेल तर निघण्याची तारीख जूनमधलीच घ्या. हाविलाच्या जहाजांवर ६.१ मेगावॉट-तासांची बॅटरी आहे. ती चालू असताना फ्योर्डमध्ये इंजिनाची घरघर थांबते आणि धबधब्याचा आवाज डेकवर ऐकू येतो. फक्त फ्योर्डसाठी जाणाऱ्यांनी याच कंपनीची तारीख आधी बघावी.

उजेड आहे म्हणजे सूर्य दिसेलच असं नाही, हे माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. मध्यरात्री सूर्य उत्तरेला असतो. लोफोटेनच्या आतल्या बाजूने जाताना मधे डोंगर येतात. आकाश लखलखीत असतं, पण गोळा दिसत नाही. उत्तरेचं क्षितिज मोकळं मिळतं ते फिनमार्क या नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या प्रांताच्या किनाऱ्यावर. किर्केनेसला पोचण्याच्या आदल्या रात्री आणि किर्केनेसहून निघाल्यावरच्या रात्री बेर्लेवॉग, बोट्सफ्योर्ड, मेहाम्न या पट्ट्यात बाराच्या सुमारास डेकवर रहा. फक्त ट्रॉम्सोपर्यंतचं तिकीट काढणाऱ्यांना या दोन्ही रात्री मिळत नाहीत.

नोव्हेंबर आणि जानेवारी स्वस्त असतात, आणि का ते वर आलंच आहे. नॉर्दर्न लाइट्स हेच एकमेव उद्दिष्ट असेल तर चालतील. हिवाळी हंगामात पूर्ण फेरीत एकदाही हे प्रकाश दिसले नाहीत तर दुसरी सफर फुकट, अशी हुर्टिग्रुटेनची हमी आहे. पण ती अर्ध्या फेरीला लागू नाही, आणि दिसले की नाही हे जहाजाच्या नोंदीवरून ठरतं. तुम्ही झोपलेले असताना दिसले तरी ते दिसलेच धरतात. म्हणून केबिनमधला घोषणांचा स्पीकर रात्री बंद करू नका. फोटोसाठी इंजिनाची थरथर आणि जहाजाचं डुलणं लक्षात घ्या: तीन सेकंदांपेक्षा जास्त एक्स्पोजर दिलं तर तारे रेघा होतात. एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२०० आणि एक-दोन सेकंद इथून सुरुवात करा. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

समुद्र सगळीकडे शांत नसतो. बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो, पण काही पट्टे उघडे आहेत. स्टाडचं टोक पहिल्याच रात्रीनंतर पहाटे येतं, म्हणून उलटीची गोळी झोपण्याआधी घ्या. बोडो ते स्टामसुंड हा वेस्टफ्योर्ड सुमारे चार तासांचा. गोळी बोडो सोडण्याआधी. याशिवाय मोल्डे आणि क्रिस्तियानसुंडमधलं हुस्टादविका आणि पुढे बारेंट्स समुद्राचा पट्टा. सगळ्यात जास्त वादळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अशा वेळी बेर्लेवॉग किंवा मेहाम्नसारखं छोटं बंदर जहाज सरळ वगळून पुढे जातं. नॉर्थ केप या उत्तर टोकाच्या कड्यावरच्या सहलीचंही तसंच. हिवाळ्यात शेवटचे १३ किलोमीटर बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे ताफ्याने जावं लागतं, आणि वारा वाढला की रस्ता बंद. ही सहल पूर्ण भरवशाने करायची असेल तर मे ते सप्टेंबरच धरा.

केबिन घेताना खालच्या डेकवरची, अगदी पुढची किंवा मागची घेऊ नका. रात्री दोनला बंदर आलं की धक्क्याला लागताना थ्रस्टर (जहाज बाजूला सरकवणारे पंखे) खणखणतात आणि मागोमाग माल चढवण्याचा आवाज सुरू होतो. मधल्या डेकची मधली केबिन थोडी महाग पडते, पण अकरा रात्रींचा हिशोब केला तर ती घ्यावीच. ‘अडथळा असलेलं दृश्य’ याचा अर्थ खिडकीसमोर जीवरक्षक नाव. जूनमध्ये हे खटकतं. जानेवारीत तसंही काही दिसत नसतं, तेव्हा बिनधास्त घ्या.

बर्गेनला विमान त्याच दिवशी उतरेल असं आरक्षण करू नका, एक रात्र आधी पोचा. किर्केनेसहून विमानाने परतणार असाल तर तिथेही एक रात्र हाताशी ठेवा, कारण वादळात जहाजाला उशीर होतो. बंदरात उतरताना शिडीजवळच्या फलकावर सुटण्याची वेळ लिहिलेली असते, ती बघितल्याशिवाय खाली उतरू नका. पंधरा मिनिटांच्या थांब्यात गावात जाण्याचा मोह टाळा. जहाज चुकलं तर पुढचं चोवीस तासांनी येतं, आणि ते दुसऱ्या कंपनीचं निघालं तर तुमचं तिकीट त्यावर चालत नाही. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे सामानात असू द्या. धक्क्यावरचं बर्फ दिवसा वितळून रात्री काचेसारखं गोठतं, आणि पाय घसरतो तो डोंगरावर नाही, शिडी उतरल्यावरच्या पहिल्या दहा पावलांत.