पिसवा घालवायला गेले आणि १९,९०० घालवून बसले

आधी आकडा सांगते, कारण तोच घशात अडकलाय. पहिली फवारणी ४,८००. कपडे भिजवायच्या औषधाच्या सहा बाटल्या, प्रत्येकी ९००, म्हणजे ५,४००. आवाजाने पिसवा पळवणारी चार यंत्रं, ३,२००. ‘दुसऱ्या टप्प्या’चे आगाऊ ६,६००, त्यात १०० सूट. एकूण १९,९००. ती शंभराची सूट मिळाल्यावर मी त्या माणसाला चक्क थँक्यू म्हटलं होतं.

मला बावळट म्हणणाऱ्यांनी आधी आठवडाभर पिसवांच्या घरात राहून दाखवावं. घोट्याभोवती लाल गांध्या, रात्री दोनला टॉर्च लावून चादरी झाडणं, ऑफिसात टेबलाखाली मोजा खाली ओढून खाजवणं. आणि लाज. घरात पिसवा झाल्यात म्हटलं की लोक आधी तुमच्या झाडूकडे बघतात. म्हणून कोणाला विचारलं नाही. फोनवर जाहिरात दिसली, ‘एका भेटीत घर, गाद्या, कपडे पिसूमुक्त, लेखी गॅरंटी’, आणि नंबर लावला. असल्या जाहिराती कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही होतं.

पण हा नुसत्या थापा मारत नव्हता, तेच जास्त झोंबतंय. मी आधीच वाचलं होतं की मांजराच्या केसांतले काळे कण ओल्या टिशूवर ठेवायचे. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. हे खरंच आहे. त्याने आल्या आल्या हीच परीक्षा करून दाखवली. डाग तांबूस आला आणि माझा विश्वास बसला तो बसलाच.

मग बादली. पाण्यात झाकणभर औषध, त्यात पलंगावरची चादर. पाच मिनिटांत पाणी लाल. “बघा ताई, केवढं रक्त.” मग म्हणाला, कपाटातलं काहीतरी द्या. मी टॉवेल दिला. आदल्या दिवशी धुतलेला, घडी घातलेला, कोणी अंगालाही न लावलेला. नवीन पाणी, पुन्हा झाकणभर औषध, आणि पाणी पुन्हा तेवढंच लाल.

इथे कळायला हवं होतं. इथेच! कोऱ्या टॉवेलात रक्त येणार कुठून? ‘जरा नुसत्या पाण्यात औषध टाकून दाखवा’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, “अगंबाई, कपाटातसुद्धा?” आणि सहा बाटल्या घेतल्या. त्याने बादलीचा फोटो काढला, ‘रेकॉर्डसाठी’.

वर बजावून गेला, कपडे गरम पाण्यात धुऊ नका, औषधाचा असर जातो. लक्षात घ्या, ज्या गोष्टीने काम होतं नेमकी तीच बंद करून गेला. ६० अंशांचं पाणी आणि त्यानंतर ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर अर्धा तास, यात अंडी, अळ्या, मोठ्या पिसवा सगळ्याच मरतात. कोणी गरम पाणी टाळायला सांगितलं तर त्याला दार दाखवा.

घर चार दिवस बंद ठेवायलाही सांगितलं. परत आलो, आत पाऊल टाकलं आणि पिसवांचा नुसता पाऊस. कारण मला नंतर समजलं. पिसूची अळी कोषात जाते, त्या चिकट कोषाला धूळ चिकटते आणि आत फवारणी पोहोचत नाही. कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे थांबून राहते. पावलांची थरथर, अंगाची ऊब, श्वासातला वायू जाणवला की बाहेर. म्हणजे आम्ही परतल्यावर काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच संध्याकाळी मी फोन करायच्या आधी त्याचाच फोन आला. “अंडी फुटली असतील ना ताई? दुसरा टप्पा लागेल.” तेव्हाही मला तो अनुभवी वाटला.

६,६०० मधून शंभर वजा करून पाठवले. त्यानंतर फोन बंद.

यंत्रांबद्दल बोलायलाच नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्येच असली यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून ताकीद दिली होती. आमची मांजर त्यातल्या एका यंत्राला टेकून झोपायची.

पोलीस ठाण्यात दोन तास बसले. पहिला प्रश्न, “पिसू म्हणजे ढेकूणच ना?” दुसरा, “माणूस येऊन काम करून गेला ना? मग फसवणूक कसली?” हा दिवाणी मामला, ग्राहकांच्या तक्रारींकडे जा. तिथे म्हणाले पक्कं बिल आणा. माझ्याकडच्या चिठ्ठीवर एक मोबाइल नंबर, पत्ता नाही. बँक म्हणे पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्या मर्जीचा. मर्जीचा! फवारणीचे परवाने देणाऱ्या खात्याने तर कमाल केली. या नावाचा परवानाधारक आमच्या यादीतच नाही, म्हणून आम्ही कारवाई करू शकत नाही. म्हणजे परवाना काढून फसवलं असतं तर पकडला असता, परवान्याशिवाय फसवलं म्हणून सुटला. पाच खेपा, दोन रजा, तीन अर्ज, आणि हातात एक पोचपावती, तीही तारीख चुकलेली.

शेवटी कामाचं बोलले ते फक्त जनावरांचे डॉक्टर. त्यांनी आधी विचारलं, त्या बाटल्यांतल्या औषधात काय होतं? बाटलीवर घटक छापलेलेच नव्हते. मांजरीच्या गादीवर मी ते मारलं होतं. कुत्र्यांसाठी चालणारं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजरांना विषारी असतं, हे त्यांनी सांगितल्यावर माझे हातपाय गार पडले. नशीब, तिला काही झालं नाही. तेव्हा घटक न छापलेलं काहीही घरात घेऊ नका, पाळीव जनावर असेल तर मुळीच नाही. मांजरीला डॉक्टरांनी दिलेलं औषध, अंथरुणं-पांघरुणं गरम धुलाईत, गाद्यांच्या शिवणी आणि सोफ्याच्या फटी रोज व्हॅक्यूमने, आतली पिशवी लगेच बांधून घराबाहेर. धुवायचे कपडे बंद पिशवीतून न्या, नाहीतर वाटभर अंडी सांडतात. मध्ये पिसवा दिसल्या म्हणून धीर सोडू नका, कोषांतून निघत राहतात. आमच्याकडे पाच आठवडे लागले.

काल मैत्रिणीने एक जाहिरात पाठवली. नाव नवीन, नंबर नवीन, गॅरंटी तीच. खाली लाल पाण्याच्या बादलीचा फोटो. बादली माझ्या न्हाणीघरातली. टॉवेलही माझाच.