ठरलेला गाडा की फिरता ट्रक?

सोलापुरात रस्त्यावर खाण्याचा धंदा टाकायचा तर दोन वाटा: एका जागेचा गाडा, नाहीतर टेम्पोवर बांधलेला फूड ट्रक. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात बसणारा आणि फिरता, असे दोन्ही विक्रेते धरलेत.

मला गाड्याची बाजू भक्कम वाटते. या कायद्याखालचं विक्री प्रमाणपत्र असलेल्याला हलवायचं तर महापालिकेला आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. तिने माल उचललाच तर यादी द्यायची, आणि नाशवंत माल मागितल्या दिवशीच परत करायचा. इडलीचं पीठ आठवड्याने मिळून काय करणार? शिवाय सात रस्ता चौकातलं गिऱ्हाईक सवयीच्या जागीच येतं.

ट्रकची मजा जानेवारीत. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरली की होम मैदानाकडे वळवता येतो, अर्थात परवानगी काढून. पण वाहनात फेरफार म्हणजे आरटीओची मंजुरी, विमा, सगळं आलं. नो पार्किंगमध्ये उभा केलात तर वाहतूक पोलिसांच्या लेखी ती फक्त गाडी. आत तव्यावर काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

अन्नसुरक्षेचे नियम दोघांनाही चुकत नाहीत.

भांडवल बेताचं असेल तर गाडाच बरा. होटगी रोडला एखादा खासगी प्लॉट भाड्याने मिळाला, तर मात्र ट्रक जरूर घ्या.