ईसास्काय : मृगातल्या तेजोमेघात डोकावण्यासाठी

युरोपीय अवकाश संस्थेची ‘ईसास्काय’ ही आकाशदर्शनाची सेवा ब्राउझरमध्ये विनामूल्य चालते आणि तिच्यासाठी खातेही उघडावे लागत नाही. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या मृगातील तेजोमेघाच्या दोन अवरक्त प्रतिमा, एक आखूड तरंगलांबीची आणि एक लांब तरंगलांबीची, २०२३च्या ऑक्टोबरपासून तेथे पाहता येतात.

घरच्या दुर्बिणीतून या तेजोमेघाच्या मध्यावरील ट्रॅपेझियमचे चार तारे सहज सुटे दिसतात. पण तिची धाव तिथेच संपते, कारण सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरची ग्रहनिर्मितीची चकती, म्हणजे नवजात ताऱ्याभोवतीची वायू आणि धुळीची तबकडी, आपल्याला फार तर एकदोन विकलांएवढी (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) भरते. ईसास्कायवर ट्रॅपेझियमभोवतीचा भाग मोठा करत गेले की शेपटी फुटलेले उजळ ठिपके दिसू लागतात. थीटा-१ ओरायनिस सी या तप्त ताऱ्याचे अतिनील किरण चकत्यांमधील वायू उडवून लावतात, म्हणून ठिपक्यांचे उजळ तोंड त्या ताऱ्याकडे आणि शेपटी विरुद्ध दिशेला असते. चकत्या शोधायला आखूड तरंगलांबीची प्रतिमाच घ्यावी. दुसरीत धुळीचे जाळे देखणे दिसते, पण बारकावे हरवतात. अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नसल्याने रंग दोन्हींत अर्थातच नेमून दिलेले आहेत.

नवख्याची अडचण अशी की प्रतिमेवर चकत्यांची नावे लिहिलेली नाहीत. सुदैवाने नावातच पत्ता, म्हणजे आकाशातले पूर्व-पश्चिम स्थान (विषुवांश) आणि उत्तर-दक्षिण स्थान (क्रांती), दडलेला आहे. ‘११४-४२६’ म्हणजे विषुवांश ५ तास ३५ मिनिटे ११.४ सेकंद आणि क्रांती उणे ५ अंश २४ कला २६ विकला. हे आकडे शोधचौकटीत टाकले की नेमके ठिकाण समोर येते. ही चकती आपल्याला जवळजवळ कडेने दिसते, त्यामुळे तारा धुळीआड पुरता झाकला जातो आणि उजळ पार्श्वभूमीवर एक काळी फीत व तिच्या दोन्ही अंगांना विखुरलेल्या प्रकाशाचे फिकट डाग एवढेच उरते. हबलची प्रतिमा त्याच जागी लावून तुलना करता येते, आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत त्यातच आहे.

मोबाइलवरही सेवा चालते, परंतु या कामाला मोठा पडदाच हवा. पुढचा पत्ता २०३-५०६ चा घ्यावा: वेबच्या निरीक्षणांतून मिथाइल धनायन (कार्बनचा एक व हायड्रोजनचे तीन अणू असलेला धनभारित रेणू) अवकाशात प्रथमच सापडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले, ते याच चकतीत.